अलार्म कोणी ऐकला?

माझ्या नवऱ्याला नाडी नाही. माणूस जिवंत आहे, दोन वेळा जेवतो, मीठ कमी पडलं की ताट सरकवतो, माझ्याशी भांडतो. पण मनगट धरून बसलात तर बोटांखाली काही लागणार नाही. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ही बातमी पसरली तशी माणसं ह्यांना बघायला येऊ लागली, आणि ह्यांना तेच हवं होतं. आयुष्यभर कापडाचे लूम चालवले तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता दारात खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे हात करायचा, "बघा, सापडते काय?"

नाक्यावरचा चहावाला बघून गेला. आमच्या लूमवरचा किशन रोज शिफ्टला येताना बघायचा, जणू काल नव्हती ती आज उगवली असेल. हकीमसाहेबांनी तर दोन्ही मनगटं धरली, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "मजीदभाई, हकीमी के हिसाब से तो आप हैं ही नहीं." हे इतके हसले की मला धावत जाऊन त्यांच्या काखेतल्या बॅटऱ्या सावरायला लागल्या.

मला या हौसेचा राग यायचा. खोटं कशाला बोलू, उत्सुकता मलाही कमी नव्हती. पण ती मी लोकांसारखी मनगटात शोधत नव्हते. मी डॉक्टरांचं डोकं खाल्लं.

ह्यांचं हृदय दोन झटक्यांनी पार सैल पडलं होतं. पायऱ्या चढणं सोडा, चप्पल घालताना दम लागायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी हृदयाच्या खालच्या टोकाला एक पंप बसवला. मुठीत मावेल एवढा. तो रक्त ढकलत राहतो, पण हृदयासारखं थांबूनथांबून नाही, विहिरीवरच्या मोटारीसारखी सलग धार. म्हणून नाडी लागत नाही. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या डब्याला जोडलेली, आणि डब्याला दोन बॅटऱ्या, दोन्ही काखेत एकेक. रात्री झोपताना डबा भिंतीतल्या विजेवर.

"आतलं चाक फिरतं कशावर?" मी विचारलं होतं.

"कशावरच नाही," डॉक्टर म्हणाले. "लोहचुंबकाच्या जोरावर अधांतरी राहतं. कुठंच टेकत नाही."

हे बिछान्यातून अर्धे उठले. "बेअरिंग न्हाय?"

"नाही."

"तेल?"

"तेलही नाही. जुन्या पंपात हेच तर दुखणं होतं. भाग एकमेकांवर घासायचे, झिजायचे, रक्त दळलं जायचं, गुठळ्या व्हायच्या. यात ते बरंच कमी झालंय."

हे पुन्हा आडवे झाले आणि छताकडे बघत राहिले. "अख्खी जिंदगी मी बेअरिंगं बदलली," म्हणाले. इतकं समाधान त्यांच्या तोंडावर मी आमचा मुआज जन्मला तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

मी पुढे विचारलं, मग मूळ हृदयाचं काय? डॉक्टर म्हणाले, ते आहे तिथंच आहे, त्याच्या परीनं हलतं. बाहेरच्या देशांत आता अख्खं हृदयच काढून तिथं असंच अधांतरी चाक बसवायचे प्रयोग चाललेत, मोजक्या रोग्यांवर. "मग त्या माणसाला भीती वाटली तर धडधडतं काय?" मी विचारलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि राऊंडला निघून गेले.

घरी सोडायच्या आधी सोनल सिस्टरनं आम्हाला बसवून शिकवलं. पंपाच्या रोग्यांचं सगळं तीच बघते. बॅटरी बदलायची ती एका वेळी एकच, दोन्ही कधीही एकदम काढायच्या नाहीत. वायर ओढू द्यायची नाही. पोटावरची पट्टी अशी बदलायची. शेवटी तिनं डब्यावरचं तपासणीचं बटण दाबलं, डब्यावरचे दिवे लुकलुकले, आणि तिनं विचारलं, "हा अलार्म. ऐकलात ना सगळ्यांनी? हा वाजला की धावायचं. त्यानंतर फार वेळ मिळत नाही. ऐकणारं माणूस कायम घरात हवं, ही आमची अटच आहे."

ह्यांनी मान हलवली. मी हलवली. मुलानं, मुआजनं हलवली.

लूमवाल्यांची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. कारखान्यात धोट्याचा खडखडाट एवढा असतो की कोणी कोणाला "काय?" असं विचारत नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, हाताकडे बघायचं आणि आधी मान हलवायची. काय म्हणाला ते मागाहून समजून घ्यायचं. मी लग्न होऊन आले ती घराखालच्या आमच्या कारखान्यात कांड्या भरायला बसले, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळायला, आणि त्यातच केस पांढरे झाले. गल्लीच्या त्या टोकाला दोन बायका माझ्याबद्दल बोलत असल्या तर मी इथून शब्द न् शब्द सांगते. माझ्या कानांसारखे तिखट कान भिवंडीत नाहीत, असं मी म्हणायचे.

घरात एकच माणूस असं होतं की ज्याचं बोलणं मला धड कळत नसे. सून, अफीफा. वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या गावातली पोर, शेताबांधावर वाढलेली. मान खाली घालून भाजी चिरत काहीतरी पुटपुटायची. "तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?" मी खेकसायचे. ती वर बघून पुन्हा बोलायची, तेव्हा समजायचं. दोन वर्षं मी सगळ्या नातेवाइकांत सांगत होते, सून चांगली आहे पण मनातल्या मनात बोलते.

घरी आल्यावर काही महिने सुखाचे गेले. मग एका दुपारी मी ह्यांच्या खुर्चीशेजारी लसूण सोलत बसले होते. हे पेंगत होते, अंगावर शाल. खाली लूम चालू. एवढ्यात अफीफा गच्चीवरून जिना उतरत आली, ओला दुपट्टा हातातच, आणि मला ओलांडून सरळ शालीत हात घातला. एक बॅटरी संपत आली होती आणि दुसरीची खाच नीट बसली नव्हती. तिनं खाच बसवली, चार्जरवरची नवी बॅटरी आणून जुनीच्या जागी लावली, आणि मग ती माझ्याकडे वळली. "अलार्म वाजत होता, अम्मी," ती म्हणाली.

संध्याकाळी मुआजनं घर डोक्यावर घेतलं. "या खडखडाटात अलार्म ऐकू कसा येनार? लूम बंद करा, न्हायतर इथून चला."

त्यानं काल्हेरला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. ईदनंतर तो, अफीफा आणि तान्ही नात तिकडे जाणार हे आधीच ठरलेलं. काल्हेरला गोदामं आहेत, ट्रक आहेत, पण घराखाली लूम नाहीत.

"तुमी जा," हे म्हणाले. "मी न्हाय येनार."

"मग लूम तरी बंद करा, अब्बा."

"लूम बंद करून पंप कशाला चालू ठेवू?"

मुआज पाय आपटत खाली गेला. मी मात्र विचारात पडले. अफीफानं गच्चीवरून ऐकला आणि मी हातभर अंतरावर असून नाही ऐकला, हे कसं? गच्चीवर खडखडाट कमी पोचत असेल, असं मी मनाला सांगितलं. पण मला असं नुसतं सांगून चालत नाही, बघावं लागतं. नवऱ्याचा जीव ज्या आवाजावर टांगलेला आहे तो लुमांत बुडतो की नाही, हे मला नक्की माहीत हवं होतं. बुडत असेल तर मीच ह्यांच्या हाताला धरून काल्हेरला नेणार होते, मग कितीही भांडण होवो.

शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात. दुपारी पुरुष नमाजला गेलेले, गल्ली शांत. ह्यांनी घरीच खुर्चीवर बसून नमाज पढली आणि डोळा लागला. अफीफा बाळाला घेऊन शेजारी गेली होती. मी सरकत जवळ गेले आणि सोनलनं दाखवलं होतं तसं ते बटण दाबून धरलं.

दिवे लुकलुकले. आवाज आला नाही.

पुन्हा दाबलं. नुसते दिवे. लुमांना उगाच शिव्या दिल्या, अलार्मच मेला होता! त्या दुपारीसुद्धा मेलाच असणार, आणि अफीफाला अल्लानंच गच्चीवरून खाली पाठवलं असणार. मी फोन उचलला आणि सोनलला व्हिडिओ कॉल लावला. मला साधा फोन आवडत नाही, माणूस दिसलं पाहिजे.

"सिस्टर, डबा मुका झालाय! हे बघा!" मी फोन डब्यासमोर धरला आणि बटण दाबलं.

फोन वळवून बघितला तर सोनलनं तोंड वाकडं करून कानावर हात ठेवला होता.

"चाची, सोडा ते बटण! वाजतोय की!"

"कुठं वाजतोय?"

"मला इथं मुंबईत ऐकू येतोय. मोठ्यानं वाजतोय." मग सावकाश, ओठ मोठे करून म्हणाली, "चाची, तुम्हाला नाही ऐकू येत?"

मी मान हलवली. कशाला हलवली, होकारार्थी की नकारार्थी, मलाच माहीत नाही. सवय.

सोनल समजुतीनं बोलत राहिली. लूमच्या आवाजात वर्षानुवर्षं काढली की कानाचा बारीक आवाजांचा भाग आधी जातो. जाड आवाज कळतात, भांडण कळतं, अजान कळते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. बाकीचं डोळे सांभाळून घेतात. मी ऐकत होते, म्हणजे तिच्या ओठांकडे बघत होते, आणि आता मला ते बघणं दिसत होतं. गल्लीच्या टोकाच्या त्या बायका आठवल्या. त्यांच्याकडे पाठ असताना मी एकदाही त्यांचं ऐकलं नव्हतं.

फोन ठेवला आणि ह्यांना उठवलं. त्यांच्या मागे उभी राहून बटण दाबलं. हे जांभई देत समोर बघत राहिले.

"काही ऐकू आलं?" मी पुढे येऊन विचारलं.

"काय?"

"अलार्म."

"कधी वाजला?"

"हॉस्पिटलात तुमी मान का हलवली मग?"

"तू हलवलीस म्हनून. मला वाटला, माझ्या कानात औषधांनी दडा बसलाय, हिला तर ऐकू येतंय."

"आणि मी तुमाला बघून हलवली!"

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. चार महिने हा माणूस माझ्या भरवशावर झोपला होता आणि मी त्याच्या. मुआज नमाजहून आला तशी त्यालाही पाठमोरं उभं केलं. मी बटण दाबल्यावर त्यानं मान तिरकी केली, "कायतरी किणकिण आली वाटतं," म्हणाला. वयाची तिशी झाली नाही, आणि कायतरी किणकिण! पोरगा सोळाव्या वर्षी लुमांत उतरला तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता.

तेवढ्यात अफीफा दारात आली. बाळ कडेवर झोपलेलं. माझं बोट अजून बटणावर होतं. ती दचकून ह्यांच्याकडे धावली, आणि बाळ जागं होऊन भोकाड पसरून रडू लागलं. त्या घरात अलार्मला घाबरणारी दोनच माणसं होती.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"तुला ठाऊक होतं."

तिनं खाली बघितलं, मग आठवण झाल्यासारखं वर बघितलं आणि माझ्याकडे तोंड करून बोलली. "लगीन होऊन आले त्या पयल्या महिन्यातच कळलं, अम्मी. मी मागून हाक मारायची, कोनी वळायचं न्हाय."

"मग बोलली का न्हायस?"

"कसं बोलू? सासूला बहिरी म्हनू?"

खरं होतं. म्हणाली असती तर मी तिला माहेरी पोचवलं असतं. आमच्या गल्लीत बहिरा ही शिवी आहे, कारण तसे आम्ही सगळेच आहोत.

"हॉस्पिटलातून घरी आल्यापासून ऐकतेय मी," ती म्हणाली. "रात्री दार उघडं ठेवते. आंघोळीला गेली तर नळ बारीक सोडते. दुपारची झोपत न्हाय." आणि मग, "काल्हेरचं मी मुआजना सांगितलंय, ईदनंतर नको. पुढच्या वर्षी बघू."

काल्हेरचा फ्लॅट तिनंच लावून धरला होता. बाळाचे कान खराब होऊ नयेत म्हणून. हे मला मुआजकडून माहीत होतं आणि तेव्हा मी म्हटलं होतं, आमचे कुठं खराब झाले? नाकानं कांदे सोलणारी सून, असंही म्हटलं होतं. आता मी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघत होते. लेकराचे कान वाचवायचे सोडून ही पोर माझ्या नवऱ्यासाठी या खडखडाटात थांबणार होती आणि कोणाला सांगणारही नव्हती. मला इतकी लाज वाटली की मी तिलाच ओरडले. "वेडी हायस तू!"

सोनलनं कानाच्या डॉक्टरांचा पत्ता पाठवला. कानातलं मशीन मिळेल, म्हणाली, पूर्वीच्यासारखं शिट्ट्या मारणारं नाही, ज्या पट्टीचा आवाज येत नाही तेवढाच वाढवून देणारं. मी ह्यांना सांगितलं, दोघं जाऊ.

"मी न्हाय," हे म्हणाले. "लोक काय म्हनतील?"

"लोक? छातीत मशीन घालून दारात बसता, पोटातून वायर निघते ती पोराटोरांना दाखवता, आणि कानात वाटाण्याएवढं घालायला लाजता?"

"ती गोष्ट येगळी. त्याला लोक नवल म्हनतात. याला म्हातारा म्हनतील."

"मग माझ्या एकटीच्या कानांवर जगा!" मी म्हणाले आणि बुरखा चढवला. मुआज गाडी काढायला धावला. ह्यांना घरी अफीफाजवळ ठेवलं. अजून तीच तेवढी ऐकणारी होती.

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून बारीकबारीक आवाज ऐकवले. ऐकू आला की हात वर करायचा. मी बटणं दाबणाऱ्या बाईंच्या बोटांकडे बघून हात वर करायला लागले तशी त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. पन्नाशी उलटल्यावर कॉपी करताना पकडले गेले! मग मशीन आलं, दोन्ही कानांचं. रात्री काढून ठेवा, म्हणाले. मी विचारलं, अलार्म रात्री सुट्टी घेतो काय? बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, रात्री एक कान चार्जिंगला, एक कानात, आणि रोज बदलायचा.

मशीन घालून रस्त्यावर आले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की सगळी भिवंडी माझ्यावर खेकसते आहे. रिक्षा, प्लास्टिकच्या पिशव्या, माझी स्वतःची चप्पल. मुआजच्या खिशातल्या किल्ल्या वाजतात हे मला नवीन होतं. मी त्याला चालताना दोनदा थांबवून त्या पुन्हा वाजवायला लावल्या.

घरी आले. खाली लूम चालू होते, आणि वाईट याचं वाटलं की तेही आता जास्तच ऐकू येत होते. वर हे खुर्चीत बसलेले, मुद्दाम दुसरीकडे बघत. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि मुआजला म्हणाले, "दाब."

त्यानं दाबलं आणि मी किंचाळले.

असा आवाज! डोक्यात सुई घुसावी तसा, तीक्ष्ण, थांबायचं नाव नाही. लुमांच्या वरून, सगळ्यांच्या वरून. मी दोन्ही हातांनी कान दाबले आणि "बंद कर, बंद कर!" ओरडत राहिले. हे दचकून उभे राहिले. मला एवढं घाबरलेलं त्यांनी ऑपरेशनच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"एवढा मोठा हाय?" त्यांनी विचारलं.

"एवढा मोठा हाय," मी म्हणाले. मी खाली बसले. हा आवाज माझ्या शेजारी, हातभर अंतरावर वाजत होता आणि मी लसूण सोलत होते.

ह्यांनी माझ्या कानातलं एक मशीन हळूच काढून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, नखानं त्याचं झाकण उघडलं. "यात काय फिरतं?" त्यांनी विचारलं.

"उद्या डॉक्टरांना इचारा," मी म्हणाले. "दोघं जाऊ."

"इचारायला काय हरकत हाय," ते म्हणाले, आणि मला कळलं, जमलं.

स्वयंपाकघरात अफीफा ओट्याला टेकून उभी होती, बाळ खांद्यावर. डोळे मिटत होते आणि ती ते पुन्हा उघडत होती. मी बाळ तिच्याकडून घेतलं.

"ईदनंतर तुमी काल्हेरला जायाचं," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी न्हाय."

ती काहीतरी बोलणार होती.

"आणि आता आत जा. दार लावून घे. चांगली झोप काढ. मी ऐकतेय."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा स्वभाव तिला ठाऊक, यात कुठं टोमणा आहे ते शोधत असेल. मग ती गेली. मी बाळाला थोपटत उभी राहिले, आणि आतून कडी लावल्याचा बारीक आवाज आला.